बाजाराची गोळी

सिस्टर, तुमचा रुमाल अजून औषधांच्या ट्रॉलीलाच आहे. निळ्या काठाचा, एका कोपऱ्यात जेन्शन व्हायोलेटचा जांभळा डाग पडलेला. तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. परवा वॉर्डातल्या मावशी तो धुवायला म्हणून सोडायला लागल्या, तर मी त्यांच्यावर खेकसलो. मग माझी मलाच लाज वाटली. शेवटी मीच तो सोडला, साबण लावून धुतला, वाळवला आणि होता तिथंच बांधला. डाग काही गेला नाही. जाऊ नये असंच वाटत होतं, म्हणून मी फारसा घासलाही नव्हता.

आपल्या दवाखान्यात त्या रुमालाचा अर्थ लहान पोरांनाही ठाऊक होता. रुमाल ट्रॉलीच्या दांड्याला बांधला म्हणजे गावित सिस्टर औषधं काढतायत, आता त्यांना कुणी म्हणजे कुणीही हाक मारायची नाही. नातेवाइकांनी नाही, आम्ही नाही, डॉक्टरांनीही नाही. एकदा एक पुढारी कुणा ओळखीच्या पेशंटला बघायला आला आणि दारातूनच मोठ्यानं "नमस्कार सिस्टर" म्हणाला. तुम्ही मान वर केली नाही. पेशंटला त्याचं नाव विचारलंत, कागदाशी ताडून पाहिलंत, गोळी कोणती, किती, कधी, तोंडानं की शिरेतून, सगळं ओठांतल्या ओठांत वाचलंत. तशा शेवटच्या खाटेपर्यंत गेलात, रुमाल सोडलात आणि मग हात जोडून म्हणालात, "नमस्कार साहेब. मघाशीच उत्तर दिलं असतं तर एका खाटेची गोळी दुसऱ्या खाटेला गेली असती." पुढारी हसला. त्याच्यामागची चार माणसं हसावं की नाही या विचारात पडली. मला नोकरीला लागून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. ही बाई आपली सिनियर आहे, हे घरी जाऊन कधी एकदा सांगतो असं मला झालं.

घरी सांगायची मात्र सोय नव्हती. तापीकाठच्या शेतकऱ्याघरचा मी. आमच्या गावात "पाटीलना पोऱ्या सुया टोचस" एवढाच माझा लौकिक. वडील माझी ओळख 'सरकारी नोकरीत आहे' इथंवरच करून द्यायचे. कसली नोकरी, असं कुणी विचारलंच तर बैलांकडे बघायला लागायचे. माझ्या बहिणीच्या लग्नाला तुम्ही आलात, आणि बोलता बोलता वडिलांनी 'बायांचं काम' असं काहीतरी काढलं. तुम्ही जिलेबीचा घास खाली ठेवलात.

"दादा, तुमना पोऱ्या एक गोयी देवाना पह्यले तीनदा वाचस. तुम्ही फवारानं औषध कितीदा वाचतस?"

मांडवात हशा पिकला, कारण आदल्याच वर्षी वडिलांनी कीटकनाशक समजून कापसावर तणनाशक मारलं होतं आणि चार ओळी जाळल्या होत्या. ती बातमी तुम्हाला मीच पुरवली होती. त्या दिवसापासून वडील छाती काढून "मन्हा पोऱ्या नर्स शे" असं सांगायला लागले. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आज मानतो.

तुम्ही मूळच्या विसरवाडीकडच्या, घरी मावची बोलणाऱ्या. अहिराणी तुम्ही वॉर्डातच शिकलात, आणि अशी शिकलात की सपाटीवरच्या बायका तुम्हाला तुमचं माहेर विचारायच्या. पेशंट घरी जायला निघाला की तुम्ही त्याला स्वतःच्या खुर्चीत बसवायचात, समोरच्या स्टुलावर स्वतः बसायचात आणि म्हणायचात, "आते तू सिस्टर, मी पेशंट. सांग माले, कोनती गोयी कवय खावानी?" म्हातारे आधी लाजायचे. मग रंगात यायचे आणि तुम्हालाच दम द्यायचे, "नुसता च्यावर खावानी नही, काय?" हा खेळ बघायला शेजारच्या खाटांवरची माणसं उठून बसायची.

नुसतं 'समजलं का' असं विचारलेलं तुम्हाला खपायचं नाही. "त्या प्रश्नाला जगात एकच उत्तर आहे, हो. मान तर बैलही हलवतो," असं तुम्ही आम्हाला ऐकवायचात. तुमच्या कपाटात लोकांच्या घरच्या चमच्यांचा डबा होता. लेकराला पातळ औषध द्यायचं असलं की तुम्ही आईला घरून चमचा आणायला लावायचात, कारण एक चमचा म्हणजे कुणाचा चमचा? एकीनं भाताचा डाव आणला होता. तुम्ही तो ठेवून घेतलात आणि तिला बाटलीचं टोपण दिलंत, त्यावर सुईनं रेघ ओढून.

समोरच्या मेडिकलवाल्या शेठशी तर तुमचं वर्षाचे बारा महिने भांडण. राजस्थानातून आलेलं त्यांचं घर, तीन पिढ्या इथंच. त्यांनी दुसऱ्या कंपनीची गोळी दिली आणि रंग बदलला, की पेशंट जुनी आणि नवी दोन्ही खातो, हे तुम्ही त्यांना भर दुकानात सुनावलंत. "सिस्टर, दुकान मी चालवू की तुम्ही?" असं ते म्हणाले खरे, पण तिसऱ्या दिवसापासून पुडकं हातात देताना प्रत्येकाला सांगायला लागले, "पहिले गावित सिस्टरला दाखव, मग एसटीत बस." तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी शटर ओढलं आणि बाहेर पायरीवर बसून राहिले. "आता माझ्याशी भांडणार कोण?" असं मला म्हणाले.

हे सगळं मी अभिमानानं लिहितो आहे, आणि लिहिताना मूळ गोष्ट पुढं पुढं ढकलतो आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. माझी पळवाट तुमच्या नजरेतून कधी सुटली होती!

झिनीमाय. सहा वर्षं झाली त्याला. म्हसावदच्या बाजूच्या एका खेड्यातली, साठी उलटलेली, बोटांचे सांधे सुजून वाकडे झालेली. डॉक्टरांनी तिला मेथोट्रेक्सेट लिहून दिलं. आठवड्याला एकच गोळी, जास्त झाली तर जिवावर बेतणारी. तिला वार कसे लक्षात राहणार, असा प्रश्न होता. कॅलेंडर तिच्या घरी नव्हतं. आणि मला एकदम युक्ती सुचली. आठवडे बाजार! तो काय कुणी विसरत नाही.

"माय, बाजारना दिन एक गोयी. ध्यानमा ठेव."

"बाजारना दिन एक गोयी," ती म्हणाली. मला इतका आनंद झाला की विचारू नका. डॉक्टर म्हणाले, वा ब्रदर. तुम्हीसुद्धा जाता जाता म्हणालात, "बाजाराची गोळी! चांगलं आहे रे भाऊ." तुमच्या तोंडून 'चांगलं' निघणं म्हणजे उंबराला फूल येणं. मी हवेतच होतो. त्या तंद्रीत मी तिला खुर्चीत बसवलं नाही, स्टुलावर बसलो नाही, काही विचारलं नाही. ती निघाली तेव्हा खाटेखालची आपली पाटी ओढून मला मूठभर हिरव्या मिरच्याही देऊन गेली. मी त्या घरी नेल्या. ठेचा केला. आवडीनं खाल्ला.

तीन आठवड्यांनी तिला उचलून आणलं. तोंड आतून सगळं सोललेलं, पाणीही गिळवत नव्हतं, अंगात ताप. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार उतरलेल्या. डॉक्टर गोंधळले. मी कागद चाळत होतो. तुम्ही मात्र तिच्या उशाशी स्टूल ओढलंत आणि हळू आवाजात विचारलंत, "माय, आते तू सिस्टर, मी पेशंट. सांग माले, गोयी कवय खावानी?"

तिला बोलवत नव्हतं. तरी बोटं वर करत एकेक शब्द तिनं बाहेर काढला.

"बाजारना दिन. सोमवारले आमना गावना बाजार. मंग म्हसावदना बाजार. मंग शनवारले तिकडला. तीन बाजार, तीन गोया."

मिरच्या विकणारी बाई होती ती, सिस्टर. विकत घेणाऱ्याला बाजार आठवड्यातून एकदा येतो. विकणाऱ्याला आठवड्यात जितकी गावं तितके बाजार. तिची पाटी माझ्या डोळ्यांसमोर खाटेखाली होती, तिच्या मिरच्या माझ्या पोटात गेल्या होत्या, आणि ही बाई बाजारात काय करते हे मी विचारलं नव्हतं.

तुम्ही तिच्यासोबत अँब्युलन्समध्ये बसून नंदुरबारला गेलात. मी बारा दिवस जेवलो काय आणि झोपलो काय, मला आठवत नाही. ती वाचली. परत आली तेव्हा पहिलं काय म्हणाली, तर मिरच्या सुकल्या असतील.

मग रिपोर्ट लिहायची वेळ आली. मी लिहिलं, 'रुग्णाकडून औषध चुकीच्या पद्धतीने घेतले गेले.' तुम्ही वाचलंत, पेन मागितलंत, माझ्या ओळीवर एक सरळ रेघ मारलीत आणि खाली लिहिलंत, 'आमच्याकडून चुकीचे सांगितले गेले.' मी भडकलो. तीन बाजार करते हे तिनं सांगायला नको होतं का? आणि तुम्हीही तर चांगलं म्हणाला होतात!

"तिनी बराबर ऐकं," तुम्ही म्हणालात. "सांगनाराले सांगता उनं नही."

"'आमच्याकडून' म्हणजे कोणाकडून, सिस्टर?"

"ते तू ठरव, भाऊ."

हे भांडण आपण सहा वर्षं भांडलो. चहावर, ड्यूटी बदलताना, एकदा तर काठी गावच्या होळीला जाताना जीपमध्ये, ढोलांच्या आवाजावर आवाज चढवून. मी म्हणायचो, पेशंटचीही काही जबाबदारी असते. तुम्ही म्हणायचात, असते, पण तिला ती नीट समजावून सांगायची जबाबदारी कुणाची? मी म्हणायचो, पुरे झालं आता. तुम्ही म्हणायचात, बरं, पुरे. आणि नर्सिंगच्या पोरींची नवी बॅच शिकायला आली की पहिल्याच क्लासला तुम्ही तीच गोष्ट सांगायचात. "आमच्याकडून एका मायला चुकीचं सांगितलं गेलं..." पोरी विचारायच्या, कुणाकडून? तुम्ही म्हणायचात, "आमच्याकडून." मी मागं उभा राहून खिडकीची कडी तपासत असायचो. चोराच्या मनात चांदणं. मला वाटायचं, तुम्ही मला टोचता आहात. तुम्ही माझं नाव एकदाही घेतलं नाहीत आणि माझ्याकडे एकदाही वळून पाहिलं नाहीत, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही माझी जागा रिकामी ठेवत होतात.

तुमचं हृदय मोठं झालंय असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी मूर्खासारखा हसलो होतो. मोठंच होतं की, त्यात नवीन काय! चार महिने तुम्ही रजेवर होतात. औषधं बदलली म्हणून मी ती घेऊन विसरवाडीपुढं तुमच्या घरी आलो. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते आणि तुम्ही खाटेवर टेकून बसला होतात. मी एकेक गोळी दाखवून सांगितली आणि उठलो.

"ईचारं नही तू माले," तुम्ही म्हणालात.

मी ओशाळलो, पुन्हा बसलो. विचारलं. तुम्ही एकेक बरोबर सांगत गेलात. रक्त पातळ करायची गोळी संध्याकाळी, रोज एकाच वेळी. लघवी वाढवायची गोळी झोपताना.

"झोपताना नाही सिस्टर, सकाळी! रात्रभर उठत बसाल."

तुम्ही इतक्या हसलात की धाप लागली. "पास," म्हणालात. मुद्दामच चुकला होतात. मरणाच्या दारात बसून माझी परीक्षा घेत होतात, आणि मी पास झालो याचा आनंद तुम्हालाच जास्त झाला होता. मग तुम्ही हसायच्या थांबलात, माझ्याकडे पाहत राहिलात आणि विचारलंत, "आखीन काही सांगानं शे का, भाऊ?"

मला कळलं होतं, सिस्टर. तुम्ही काय विचारता आहात ते मला चांगलं कळलं होतं. शब्द जिभेवर आलेही होते. आणि मी म्हणालो, "नाही. निघतो, बस चुकेल."

बस चुकली नाही. ती वीस मिनिटं उशिरा आली. मी फाट्यावर उभा राहिलो, पण परत फिरलो नाही.

तुम्ही गेल्यावर आठवड्यानं पोरींचा क्लास माझ्यावर आला. मी रुमालाचं सांगितलं, चमच्यांचा डबा दाखवला, भाताचा डाव बघून पोरी हसल्या. मग मी झिनीमायची गोष्ट सांगितली. आणि काय सांगितलं माहीत आहे? "पूर्वी इथं एक ब्रदर होता." एका पोरीनं विचारलं, "सर, एवढंही विचारलं नाही त्यानं?" सगळ्या हसल्या. त्यांच्याबरोबर मीही हसलो.

काल झिनीमाय आली. दर महिन्याला येते, तुम्हीच लावून दिलेली शिस्त. वर्षभरानं डॉक्टरांनी तिची गोळी थोड्या मात्रेत पुन्हा सुरू केली, तेव्हा शेठकडून चारच गोळ्या घ्यायच्या आणि संपल्या की तोंड दाखवायला यायचं, असं तुम्ही तिला बजावलं होतंत. डोक्यावर पाटी, पाटीत मिरच्या. तुमच्या रजेच्या महिन्यांतही ती दर वेळी तुमची चौकशी करून जायची; कालही सरळ तुमच्या टेबलाकडे गेली.

"सिस्टर आजून रजावरच शे का?"

मी सांगितलं. तिनं पाटी खाली ठेवली. वाकड्या बोटांनी पदर सावरला. मग म्हणाली, "आते माले कोन ईचारी?"

मी तिला तुमच्या खुर्चीत बसवलं. स्टूल ओढलं. "माय, आते तू सिस्टर, मी पेशंट. सांग माले, गोयी कवय खावानी?"

"सोमवारले. मन्हा गावना बाजार. एकच गोयी," तिनं एक बोट वर केलं. "दुसरा बाजारले फकत मिरच्या."

बरोबर होतं. सगळं बरोबर होतं. उठायला हवं होतं, रांगेत माणसं होती. मी उठलो नाही. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, "माय, तवय चूक मन्ही व्हती."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं वजनात काटा मारणाऱ्याकडे बघतात.

"माले माहीत शे ना. तूच सांगेल व्हतं. मी का बहिरी शे?"

खरंच की, सिस्टर. सहा वर्षं मी ही गोष्ट जगापासून लपवली, आणि जिच्या तोंडाची सालटी निघाली होती तिला ती पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. मी मान खाली घातली. तर म्हातारीनं माझ्या डोक्यावर टपली मारली.

"सिस्टर सांगे माले, त्याले काही बोलू नको, माय. तो सोता सांगी एक दिन. उशीर करी, पन सांगी."

म्हणजे तुम्ही दोघी मिळून माझी वाट बघत होतात. त्या अँब्युलन्समध्ये ठरवलंत की नंतर कधी, ते मी विचारलं नाही. तुम्हाला माझी इतकी खात्री होती, आणि मी तुमच्या खाटेपाशी बसची वेळ बघत होतो. याची खंत मला जन्मभर पुरेल. पण खरं सांगू? काल रडताना मला त्याहून जास्त अभिमान वाटत होता. गोळी बरोबर पोचली की नाही हे तुम्ही तपासायचात, तसं माणूसही कधी पोचेल याचा हिशेब तुम्ही बांधला होतात, आणि त्यात तुम्ही चुकला नाहीत. पोचलो, फक्त तुम्ही म्हणालात तसा उशिरा.

झिनीमाय जाताना मूठभर मिरच्या देऊन गेली. या वेळी मी घेताना तिला विचारलं, उद्या कोणत्या बाजाराला जाणार.

उद्या पोरींचा पुन्हा क्लास आहे. मी गोष्ट पहिल्यापासून सांगणार आहे, आणि मागच्या वेळी काय खोटं बोललो तेही. 'आमच्याकडून' म्हणजे कोणाकडून, ते तुम्ही मला ठरवायला सांगितलं होतंत.

ठरलं, सिस्टर.